दगडावर कोणाचं नाव

दोस्तहो, आधी भांडण सांगतो. विचार मागून.

आमच्या वस्तीतल्या विहाराच्या एका भिंतीला गेल्या डिसेंबरात नवा गिलावा झाला. वर्गणी वस्तीची, सिमेंट उधारीचं, मजुरी आमचीच. पोरांनी ठरवलं, १ जानेवारीच्या आत भिंतीवर भीमा कोरेगावचा स्तंभ रंगवायचा आणि खाली चळवळीतल्या शहिदांची नावं लिहायची. यादी करायला रात्री बसलो. नामांतराच्या लढ्यातली नावं पहिली आली. पोचीराम कांबळे. गौतम वाघमारे. एकेक नाव निघत गेलं. यादी संपत आली तेव्हा मी म्हणालो, अजून एक लिहा. आणि माझ्या जोडीदाराचं नाव सांगितलं.

सगळे गप्प झाले. मग आमच्यातला जुना कार्यकर्ता बोलला. त्याला आम्ही सगळे दादा म्हणतो. दोनदा जेल पाहिलेला माणूस, त्याचा शब्द कोणी खाली पडू देत नाही.

"आरं, त्यो भट्टीवर मेला. चळवळीत कुठं मेला?"

"मेला तर खरा ना दादा."

"मरतेत तर सगळेच. मोर्चात कधी आला नाही. जयंतीची वर्गणी मागितली की पगार झाल्यावर या म्हनायचा. उद्या तू म्हनशील, ट्रकखाली आलेल्याचंबी नाव लिहा. मग शहीद कोणाला म्हनायचं?"

मला उत्तर सुचलं नाही. घरी आलो, झोप लागली नाही. सकाळी सातची पाळी होती. भट्टीसमोर उभं राहिल्यावर डोक्यात एकच फिरत होतं की दादाचं खरं असेल तर मग कोरेगावच्या स्तंभावरची माणसं कोण होती? ती कोणत्या मोर्चात गेली होती?

हा लेख म्हणजे दादाला दिलेलं उशिराचं उत्तर. चुकलो असेन तर तोंडावर सांगा.

•

मी जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या मिलमध्ये कामाला आहे. शाळा नववीत सुटली. पुढचं शिक्षण वस्तीतल्या वाचनालयात आणि रद्दीवाल्याच्या दुकानात झालं. कविता करतो, हे मिलमध्ये कोणाला माहीत नाही. तिथं मला नंबराने ओळखतात.

आमच्याकडे भंगार येतं. जुने पत्रे, मोडक्या गाड्या, पाडलेल्या इमारतींचं लोखंड, सायकली, डबे. ते भट्टीत वितळतं, त्याच्या कांड्या होतात, कांड्या रोलरमधून निघाल्या की सळई. ती सळई पुलात जाते, बंगल्यात जाते, आणि स्मारकातही जाते. पुतळ्याच्या चौथऱ्यात उभी सळई असते, तिच्यावर काँक्रीट, काँक्रीटवर संगमरवर, संगमरवरावर उद्घाटन करणाऱ्या मंत्र्याचं नाव. सळई कोणाला दिसत नाही. दिसली तर इमारत धोक्यात आली असं समजतात.

भंगारात एखादा बंद डबा किंवा पाणी साचलेला तुकडा आला आणि तसाच भट्टीत गेला तर तो फुटतो. पातळ लोखंड उसळून बाहेर येतं. हे भट्टीवरच्या प्रत्येकाला माहीत असतं. भंगार निवडायला माणसं पुरेशी लावली आणि वेळ दिला तर टळतंही. पण माल अडलेला असला की वेळ कोण देतो? माझा जोडीदार त्या दिवशी माझ्या जागेवर उभा होता. मी पाणी प्यायला गेलो होतो. एवढंच सांगतो. बाकीचं लिहवत नाही.

तो चार दिवस जगला. पाचव्या दिवशी त्याची बायको कामाचा पुरावा मागायला ठेकेदाराकडे गेली. ठेकेदाराने वही काढून दाखवली. वहीत नाव नव्हतं. "हा आमचा माणूसच नव्हता," तो म्हणाला. तीन वर्षं त्या भट्टीवर उभा असलेला माणूस एका वहीत नसल्यामुळे कधी नव्हताच, असं झालं.

मिलचं नाव मी इथं लिहीत नाही. जोडीदाराचंही लिहीत नाही. वहिनीचा दावा चालू आहे आणि तिने सांगितलंय, भाऊ, निकाल लागेस्तोवर कागदावर काही आणू नका. तेव्हा तुम्ही मला हसाल. नाव लिहा म्हणून भांडणारा माणूस नाव लपवतो. हसा. पण नाव किती वजनाचं असतं ते यातूनच कळेल. नुसता शब्द असता तर तो लपवावा लागला नसता.

•

आता कोरेगाव.

१ जानेवारी १८१८. पुण्याजवळ भीमा नदीच्या काठी कंपनीची एक तुकडी आणि दुसऱ्या बाजीरावाचं सैन्य यांची गाठ पडली. कंपनीकडे कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली आठशेच्या वर माणसं होती. मुंबई पलटणीचे सुमारे पाचशे शिपाई, काही घोडेस्वार, दोन तोफा आणि मद्रासचे थोडे गोलंदाज. रात्रभर चालून शिरूरहून आलेली, उपाशी, आणि दिवसभर नदी डोळ्यांसमोर असून पाण्याला महाग झालेली. समोर पेशव्याची फौज अठ्ठावीस हजारांची सांगतात. प्रत्यक्ष गावावर चालून आले ते दोन हजारांच्या आसपास. त्यांत अरब होते, गोसावी होते, मराठे होते. गाव शेवटपर्यंत कंपनीच्या हातून गेलं नाही आणि रात्री पेशव्याची फौज निघून गेली. कंपनीची पावणेतीनशे माणसं मेली, जखमी झाली किंवा हरवली. २६ मार्च १८२१ ला तिथं स्तंभाचा पाया घातला. त्यावर मेलेल्या ४९ जणांची नावं कोरली. त्यांतल्या २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. ती आपली माणसं. बाकीच्यांत मराठे आहेत, रजपूत आहेत, मुसलमान आहेत, यहुदीही सांगतात.

हे सगळं तुम्हाला पाठ आहे. पण व्यासपीठावरून आपण कसं सांगतो? पाचशे महारांनी अठ्ठावीस हजार कापले, संध्याकाळी पेशवाई संपली. टाळ्या पडतात. मीही असं बोललोय, मीही टाळ्या घेतल्यात. आता वाटतं, चुकलो. पेशवाई त्या संध्याकाळी संपली नाही, बाजीराव जूनमध्ये शरण आला. आणि पाचशे सगळेच महार नव्हते. २२ नावं कोरलेली असताना पाचशे कशाला सांगायचे? खरं कमी पडतं का? जातीमुळे ज्यांची सावली चालत नव्हती, असं आपल्या घराघरातून सांगत आलेत, त्यांच्यातल्या २२ जणांची नावं दगडावर इतरांच्या बरोबरीने, एकाच दगडात, एकाच अक्षरात कोरली गेली. त्या काळात याहून मोठं काय सांगायचं? खोटं मिसळलं की विरोधकाला फार कष्ट पडत नाहीत. तो एक आकडा खोडतो आणि सगळा स्तंभ पाडल्याच्या ऐटीत घरी जातो. बाबासाहेबांनी आपल्याला ग्रंथ वाचायला सांगितलं ते टाळ्यांसाठी नाही.

आणि त्या ४९ मधली बाकीची २७? त्यांना पुसून आपण आपले २२ वर काढायचे? आपल्याला ज्यांनी पुसलं त्यांनी हेच केलं. करुणा हा शब्द वंदनेपुरता नाही. ज्या दगडावर आपलं नाव आहे त्याच दगडावर दुसऱ्याचं नाव आहे, ते वाचायची ताकद आपल्यात पाहिजे.

दुसरी बाजू म्हणते, हे इंग्रजांकडून लढले, देशद्रोही. हे ऐकून आपलं रक्त तापतं. रक्त तापवण्याआधी माझ्याबरोबर भोकरदनकडे चला.

•

जालन्याहून भोकरदनची बस धरायची. तिथून पुढे असई गाव. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यातलं. मी सुटीच्या दिवशी गेलो. रिकामं आभाळ, कापसाची वाळलेली झाडं, नदीत पाणी थोडं आणि दगड जास्त. बांधावर एक म्हातारे बाबा शेळ्या घेऊन बसले होते. विचारलं, बाबा, लढाई कुठं झाली? त्यांनी काठी चारी बाजूंना फिरवली.

"ह्ये सगळं. आमच्या बापाच्या वक्ताला नांगराला तोफांचे गोळे लागायचे."

"मेले ते कोण कोण होते?"

"कोणाला माहीत लेकरा? लय मेले म्हणतेत."

लय मेले. हेच स्मारक.

२३ सप्टेंबर १८०३. इथं आर्थर वेलस्ली या कंपनीच्या सेनापतीने शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेचा पराभव केला. त्याच महिन्यात २ तारखेला कंपनीच्या कर्नल स्टीव्हन्सनने आपल्या जालन्याचा किल्ला घेतला होता. शिंद्यांची कवायती पलटण पोलमन नावाच्या जर्मन माणसाच्या हाताखाली होती. वेलस्लीला नदीचा उतार सापडत नव्हता. समोरासमोरच्या काठांवर दोन गावं दिसली, तेव्हा तो म्हणाला, दोन गावं आहेत म्हणजे मधून वाट असणारच. वाट निघाली. शिंद्यांच्या तोफांनी कंपनीची माणसं ओळीने आडवी केली. तोफा ताब्यात आल्या असं समजून कंपनीचे लोक पुढे गेले, तर मेल्याचं सोंग घेऊन पडलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी तोफा फिरवून मागून डागल्या. त्या गोलंदाजांना दुसऱ्यांदा कापावं लागलं. संध्याकाळपर्यंत कंपनीचे ४२८ मेले, ११३८ जखमी, १८ बेपत्ता. शिंदे-भोसल्यांचे सुमारे १२०० मुडदे रणात पडले होते असा अंदाज आहे, जखमी कितीतरी जास्त. ९८ तोफा कंपनीने नेल्या.

बघा गंमत. तोफा मोजल्या त्या एकेक, अठ्ठ्याण्णव. कंपनीचा बेपत्ता शिपाईसुद्धा मोजला. आणि शिंद्यांकडचा मेलेला माणूस 'सुमारे'.

वेलस्ली पुढे वॉटर्लूला नेपोलियनशी लढला, ड्यूक झाला, इंग्लंडचा पंतप्रधान झाला. म्हातारपणी त्याला विचारलं की तुमची सगळ्यात चांगली लढाई कोणती, तर त्याने आपल्या असईचं नाव घेतलं म्हणतात. लढलेल्या मद्रासी पलटणींना मानचिन्ह म्हणून हत्ती मिळाला, तो हत्ती आज भारतीय लष्कराच्या मद्रास रेजिमेंटच्या बिल्ल्यावर आहे. सेनापतीचं नाव राहिलं. पलटणीचा हत्ती राहिला. मद्रास सैन्यात त्या काळी परैयर जातीचे शिपाई असत, म्हणजे तिकडचे आपणच. त्यांच्यातला कोण केळणेच्या काठाला पडला? सोंग घेऊन पडलेला आणि पुन्हा उठलेला तो गोलंदाज कोण? त्याच्यासारखा शूर माणूस त्या रणात दुसरा नव्हता. मी गावभर हिंडलो, शिपायाच्या नावाचा एक दगड मला दिसला नाही.

आता देशद्रोहाचं. असईच्या मोहिमेत वेलस्लीबरोबर घोडदळ कोणाकोणाचं होतं? म्हैसूरचं होतं आणि पेशव्यांचं होतं. होय, पेशव्यांचं. ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह करून इंग्रजांची फौज स्वतः घरात घेतली होती. १८०३ च्या मे महिन्यात इंग्रजांनीच त्याला पुण्याच्या गादीवर परत बसवलं. असईच्या वेळी पेशवा कंपनीच्या बाजूला होता आणि शिंदे-भोसले विरुद्ध बाजूला. पंधरा वर्षांनी तोच पेशवा कंपनीशी लढला. तेव्हा इंग्रजांकडून लढणं हा द्रोह असेल तर पहिलं नाव कोणाचं लिहायचं ते इतिहासाने ठरवून ठेवलंय. राजा करतो त्याला तह म्हणायचं, महार करतो त्याला द्रोह. दोन मापं आपण कधीपर्यंत सोसायची?

पण दोस्तहो, दुसऱ्याला उत्तर दिलं म्हणून स्वतःचा प्रश्न सुटत नाही. ती २२ माणसं पगारासाठी लढली. देश ही कल्पना तेव्हा नव्हती म्हणा, पण जातिअंत ही कल्पनाही त्यांच्या पगारपत्रकात नव्हती. कंपनीने त्यांना बंदूक दिली, आपल्या व्यापारासाठी दिली. समोरून आलेला अरबही पगारी होता. एका मालकाचा मजूर दुसऱ्या मालकाच्या मजुराला मारत होता. हे मान्य केल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

आणि मालकाने त्यांची आठवण किती ठेवली? १८९२ च्या सुमाराला इंग्रजांनी लढवय्या जाती अशी नवी वर्णव्यवस्था काढली आणि महारांची भरती बंद केली. कोरेगावचा स्तंभ उभा होता, त्यावरची २२ नावं तशीच होती, आणि त्यांच्या नातवंडांना सांगितलं, तुम्ही लढवय्ये नाही. लष्करातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज लिहिला. १९१० साली शिवराम जानबा कांबळ्यांनी लिहिला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली, युद्ध संपल्यावर मोडून टाकली. दुसऱ्या महायुद्धात १९४१ साली पुन्हा महार रेजिमेंट. तेव्हा बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर होते. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. पुढे तो काढून खंजीर आला. गरज लागली की बोलवा, भागली की घालवा. ठेकेदारी म्हणतात ती हीच. आमच्या मिलमध्ये ती आज निघालेली नाही.

तेव्हा मालकाने नाव कोरलं म्हणून ऋणी व्हायचं कारण नाही. त्याने आपला विजय मिरवायला दगड उभा केला. आपली माणसं त्यात सळईसारखी आत होती.

•

मग १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब त्या दगडासमोर का गेले?

मी यावर पुष्कळ विचार केला. ते कंपनी सरकारचे आभार मानायला गेले नसतील, हे पुढच्या वर्षभरात दिसतं. १ जानेवारीला कोरेगाव. २० मार्चला महाडचं चवदार तळं. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन. एकाच वर्षात. कोरेगावला आपली माणसं दिवसभर नदीकाठी तहानलेली लढली, दुसऱ्याच्या मालकीसाठी. महाडला हजारोंनी बंदुकीशिवाय तळ्यावर जाऊन पाणी प्यायलं, स्वतःच्या हक्कासाठी. मला वाटतं, बाबासाहेबांनी त्या दगडाचा मालक बदलला. कंपनीचा विजयस्तंभ त्यांनी आपल्या हजेरीची वही केली. बघा, आम्ही इथं होतो. नाव आहे. तुम्ही म्हणता ही माणसं भित्री, ही माणसं कमजात, हिच्यात माणूसपण नाही. मग ही बावीस नावं कोणाची?

म्हणजे आपण नमन करतो ते कंपनीच्या विजयाला नाही, त्यांच्या पगाराला नाही, त्यांनी किती मारले याला तर अजिबात नाही. आपण बुद्धाची लेकरं, मुडद्यांच्या हिशोबावर सण करणारे नाही. आपण नमन करतो ते त्यांच्या असण्याला. ते होते. मोजले गेले.

ही छोटी गोष्ट नाही. आता बाहेरची दुनिया बघा. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, मेलेल्यांसाठी बसऱ्याला मोठं स्मारक बांधलं. चाळीस हजारांच्या वर माणसं. गोऱ्या शिपायाचं नाव कोरलं. हिंदी अधिकाऱ्याचं नाव कोरलं. साध्या हिंदी शिपायांचं काय? पलटणीचं नाव आणि पुढं आकडा, बाकीचे इतके. दिल्लीच्या इंडिया गेटवर तेरा हजारांवर नावं आहेत, पण त्या युद्धात मेलेले हिंदी शिपाई सत्तर हजारांहून जास्त. २०२१ साली युद्धकबरींची व्यवस्था पाहणाऱ्या आयोगानेच अहवाल काढून कबूल केलं की आफ्रिका आणि मध्यपूर्वेतले किमान एक लाख सोळा हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत लोक नावाने नोंदलेच नाहीत किंवा मुळीच नोंदले नाहीत. हमाल होते, वाहक होते, काळे होते. शंभर वर्षांनी माफी मागितली. ती मागायची तरी कोणाच्या नावाने? नावंच नाहीत.

माझ्या आज्याचं नाव दगडू. त्याच्या भावाचं कचरू. आपल्याकडे अशीच नावं ठेवायची. गावच्या दप्तरात तर तेवढंही सरळ नाही, दगड्या, कचऱ्या. दगड हेच ज्याचं नाव, त्याच्या नावाचा दगड कोण उभा करणार? म्हणून मला कोरेगावचा तो 'नाक' वाचताना अंगावर काटा येतो. त्या अक्षरांना कोणी शिवी केलेली नाही.

•

आता दादाच्या प्रश्नाकडे येतो. मग शहीद कोणाला म्हनायचं?

दादाचा प्रश्न खरा आहे. नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ ला दोन्ही सभागृहांत झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे त्या ऑगस्टात मारले गेले. १९९३ च्या नोव्हेंबरात गौतम वाघमारेने नांदेडात स्वतःला जाळून घेतलं. मग १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. सोळा वर्षं. आज संभाजीनगर म्हणतात त्या औरंगाबादेत विद्यापीठाच्या गेटपुढे आपण दर वर्षी डोकं टेकतो ते त्या सोळा वर्षांसाठी. या माणसांची आणि पाणी प्यायला गेलेल्या जोडीदाराच्या जागी उभं राहून मेलेल्या माणसाची बरोबरी करायची का? नाही. मी करत नाही. ज्याने चळवळीसाठी जीव दिला आणि ज्याचा जीव घेतला गेला, यात फरक आहे. सगळ्यांना शहीद म्हटलं तर तो शब्द स्वस्त होईल, आणि राजकारण्यांना स्वस्त शब्दच लागतात. इथंवर दादा बरोबर.

पण दादा, तुझ्या मापाने मोजलं तर कोरेगावची २२ माणसंही शहीद ठरत नाहीत. तीही पगारावर होती. तीही मालकाने सांगितलं तिथं उभी राहिली. तीही पगार झाल्यावर या म्हणणारीच असतील. तरी आपण त्यांचा स्तंभ भिंतीवर काढतो. का? दोनशे वर्षं झाली म्हणून? मेलेला माणूस दोनशे वर्षं जुना झाला की आपला, आणि कालचा असेल तर ठेकेदाराचा?

मला वाटतं, आठवण ठेवायचे दोन प्रकार आहेत. एक आदर. तो निवडीला असतो. ज्याने समजून उमजून पाऊल टाकलं त्याला. तो शहीद. दुसरं देणं. ते प्रत्येक मेलेल्याला असतं, त्याने काही निवडलेलं असो वा नसो. ते देणं म्हणजे एवढंच म्हणणं की हा होता, याचं नाव हे होतं, हा असा मेला आणि असा मरायला नको होता. आदर वाटायला माणूस थोर लागतो. देणं फेडायला माणूस असणं पुरतं.

आणि हे देणं हवेतलं नाही. गटारात उतरून मेलेल्या सफाई कामगारांचं बघा. बहुतेक आपलीच माणसं. २७ मार्च २०१४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या घरच्यांना दहा लाख रुपये द्या. २०२३ च्या ऑक्टोबरात ती रक्कम तीस लाख केली. पण पैसे कोणाला? ज्याचं नाव यादीत त्याला. आणि यादी कोणी केली? सरकार म्हणत होतं, असं कोणी मरतच नाही. सफाई कामगारांच्या आंदोलनातली माणसं गावोगाव फिरली, एकेक नाव, एकेक तारीख, एकेक गटार लिहीत गेली. त्या वह्या कोर्टात गेल्या. दगडावर नव्हे, वहीवर नाव लिहिलं आणि ते नाव कोर्टात बोललं. स्मारक याहून वेगळं काय असतं?

म्हणून वस्तीत जे आठवतं ते लिहून ठेवायला पाहिजे. विहिरीत दरड कोसळून गेलेला. उसाच्या फडावर बाळंत होताना गेलेली. १९७८ ला घर जळालं आणि त्या धसक्याने सहा महिन्यांनी गेलेली म्हातारी, जिचं नाव कुठल्याच यादीत येणार नाही. स्तंभांवर बाया तर जवळजवळ नसतातच. कोरेगावच्या त्या बावीस जणांच्या बायकांनी १८१८ चं वर्ष कसं काढलं, हे कोणत्या दगडावर आहे?

२०१८ च्या १ जानेवारीला, दोनशे वर्षं झाली त्या दिवशी, कोरेगावला दगडफेक आणि जाळपोळ झाली, एक तरुण पोरगा जिवानिशी गेला. लोक म्हणाले, जुन्या दगडावरून एवढं कशाला? मला कळतं कशाला. दगडावर नाव म्हणजे हक्काचा कागद. ज्यांना आपला हक्क नको त्यांना आपलं नावही नको. दगड त्यांनाही कळतो, आपल्यापेक्षा कधी कधी जास्त कळतो.

•

हे सगळं मी दादाला बोलून दाखवलं. एका दमात नाही, तीन रात्री चहाच्या टपरीवर. असईला गेलो होतो ते सांगितलं. त्या गोलंदाजाचं सांगितलं. दादा बराच वेळ कपात बघत राहिला. मग म्हणाला, "शहिदाच्या खाली त्याचं नाव लिहू देणार नाही."

"नका लिहू दादा."

"बाजूला जागा हाय का?"

जागा होती. भिंतीचा डावा भाग दारामुळे अरुंद राहिला होता. पेंटरने स्तंभ मधे काढला, उजवीकडे शहिदांची नावं. डावीकडे वर लिहिलं, 'कामावर गेलेले.' त्याच्याखाली वस्तीने आठवून आठवून सांगितलेली नावं. पहिल्या दिवशी सात होती. बाया आल्या आणि अकरा झाली. एका आजीने तिच्या नवऱ्याचं नाव सांगितलं, तो चाळीस वर्षांपूर्वी जिनिंगमध्ये गेला होता. नाव लिहिलं तेव्हा ती भिंतीला हात लावून उभी राहिली. रंग ओला होता. तिच्या बोटाला लागला. तिने तो पुसला नाही.

पहिल्या ओळीची जागा कोरी ठेवलीय. माझ्या जोडीदाराची. दावा लागला की लिहिणार. हरलो तरी लिहिणार, हे मी वहिनीला सांगितलंय. ठेकेदाराची वही आणि कोर्टाचा कागद यांच्याही पलीकडे वस्तीची एक वही असते, तिच्यात त्याची हजेरी लागलेली आहे.

१ जानेवारीला सकाळी भिंतीपुढे वंदना झाली. दादाने आधी उजवी बाजू वाचली, मग डावी. कोऱ्या ओळीपाशी आला, थांबला, आणि पुढं गेला. मला पाळी होती, मी तिथूनच निघालो.

दोस्तहो, तुम्ही शिकलेले आहात, कॉलेजात आहात, तुमच्याकडे वह्या आहेत, फोन आहेत. कोरेगावला जरूर जा. जाताना खोटे आकडे नेऊ नका, ते ४९ च्या ४९ वाचा. आणि परत आल्यावर आपापल्या वस्तीत एक वही घाला. म्हातारी माणसं आहेत तोवर विचारून घ्या. नाहीतर दोनशे वर्षांनी कोणीतरी आपल्या बांधावर येऊन विचारील, इथं कोण कोण मेलं? आणि शेळ्या राखणारा म्हणेल, लय मेले म्हणतेत.

जयभीम.